बाब्याचे रणगाडे आणि कार्ट्याचे रणगाडे

सोलापुरातला पाण्याचा दिवस बाहेरच्या माणसाला समजावून सांगावा लागतो. नळ रोज येत नाही. आज आला की पुन्हा काही दिवसांनी, आणि ते 'काही' किती हे त्या त्या उन्हाळ्यावर. नळाला थेट मोटर लावायची नाही असा नियम आहे, कारण एकाने लावली की पुढच्या चार घरांची धार करंगळीएवढी होते. तरी मोटरी लागतात. मजा मोटरीत नाही, तिच्याबद्दलच्या बोलण्यात आहे. समोरच्याने लावली तर ती चोरी. आपण लावली तर, "अहो, घरात बाळंतीण आहे, काय करायचं?"

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ही म्हण कुणीतरी पोरांवरून केली असेल, पण मोठ्या देशांच्या रणगाड्यांना ती जास्त चपखल बसते.

आमच्या गल्लीच्या तोंडाला चहाची टपरी आहे. तिथे सकाळी दोन माणसं एकाच पेपरची पानं वाटून घेऊन वाचतात. एक काका, बंद पडलेल्या गिरणीतले जुने कामगार, लाल बावट्याच्या मोर्चांत वाढलेले. दुसरे अण्णा, टॉवेलच्या लूमचे मालक, मुलगा अमेरिकेत नोकरीला. २०२२ साली रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसलं तेव्हा अण्णा तापले होते आणि काका म्हणत होते, "नाटोने, अमेरिकेच्या त्या लष्करी गटाने, डिवचलं नसतं तर?" २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले तेव्हा बरोबर उलटं झालं. काका टेबलावर हात आपटून विचारत होते, "काय बे, त्यांनी केलं की आक्रमण आणि ह्यांनी केली की कारवाई?" अण्णा शांतपणे बशीत चहा ओतत म्हणाले, "इराणच्या हातात अणुबॉम्ब चालेल का तुम्हाला, कॉम्रेड?"

दोघांचेही प्रश्न बरोबर होते, पण प्रत्येकाला प्रश्न सुचत होता तो समोरच्याच्या बाब्याबद्दलच.

मी त्यांना एक कोडं घातलं. देशाचं नाव सांगायचं नाही, फक्त घटना. एका बलाढ्य देशाच्या शेजारी एक पिटुकला देश आहे. तिथे सत्तेवरून खूनखराबा झाला. बलाढ्य देशाने सैन्य उतरवलं. कारणं तीन दिली: आमचे लोक तिथे अडकलेत, त्या भूमीचा वापर आमच्या शत्रूसाठी होतोय, आणि तिथल्याच अधिकारी माणसाने आम्हाला बोलावलंय. संयुक्त राष्ट्रांत शंभराहून जास्त देशांनी नापसंतीच्या ठरावाला मत दिलं. बलाढ्य देशाच्या प्रमुखाने ते झटकून टाकलं. सांगा, बरोबर की चूक?

"देश कुठला ते सांग आधी," दोघं एकदम म्हणाले. या लेखाचा विषय त्या एका वाक्यात आला.

नियम मुळात आहे काय?

दुसरं महायुद्ध संपताना, १९४५ साली, देशांनी मिळून एक करार केला: संयुक्त राष्ट्रांची सनद. तिच्या दुसऱ्या कलमात लिहिलंय की कुठल्याही देशाने दुसऱ्या देशाच्या भूमीविरुद्ध किंवा स्वातंत्र्याविरुद्ध बळ वापरायचं नाही, वापरण्याची धमकीही द्यायची नाही. आपल्या घरात आपणच मालक, या हक्काला सार्वभौमत्व म्हणतात. ते तोडून दुसऱ्याच्या घरात सैन्य घालणं म्हणजे लष्करी हस्तक्षेप.

या नियमाला सनदेने दोनच वाटा ठेवल्या. एक, तुमच्यावर सशस्त्र हल्ला झाला तर स्वसंरक्षण; हे एक्कावन्नावं कलम. दुसरी, सुरक्षा परिषदेची परवानगी. तिसरी वाट लेखी नाही, पण मानली जाते: त्या देशाच्या खऱ्याखुऱ्या सरकारने बोलावलं तर.

हल्ली प्रत्येक हल्ल्यानंतर एक्कावन्नावं कलम निघतं. पुतिन यांनी २४ फेब्रुवारी २०२२ च्या भाषणात तेच सांगितलं. इराणवरच्या बॉम्बहल्ल्यानंतर अमेरिकेनेही त्याच कलमाचा आधार घेतला. बाळंतीण सगळ्यांच्याच घरात असते म्हणायची.

तपासनीसच मोटरवाले

आता सुरक्षा परिषद. तिच्यात पंधरा देश बसतात. दहा आळीपाळीने येतात-जातात. पाच कायमचे: अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स. या पाचांपैकी एकानेही विरोधात मत दिलं तर उरलेल्या चौदांचं म्हणणं पाण्यात. याला नकाराधिकार किंवा व्हेटो म्हणतात.

गल्लीत मोटरी तपासायला एक समिती नेमली आणि सगळ्यांत मोठ्या टाक्या असलेल्या पाच घरांना सांगितलं की तुमच्यापैकी एकजण जरी नको म्हणाला तरी तपासणी होणार नाही, तर काय होईल? लहान घरांवर धाडी पडतील. त्या पाच घरांवर कधीच नाही, आणि त्यांच्या मेहुण्या-पाहुण्यांवरही सहसा नाही. ही कुणाची नजरचूक नव्हती. पाचांना ही सूट दिली नसती तर ते समितीत आलेच नसते. यांच्याशिवायच्या समितीपेक्षा यांच्यासहची लंगडी समिती बरी, असा हिशेब तेव्हा झाला. तो पूर्ण चुकला असं मला वाटत नाही, पण त्याची किंमत कुणी मोजली ते पुढे दिसतंच.

परिषद अडली की प्रश्न आमसभेत जातो. तिथे प्रत्येक देशाला एक मत, व्हेटो नाही. मात्र तिथला ठराव म्हणजे गल्लीच्या बैठकीतलं बोलणं. लाज वाटणाऱ्याला लाज वाटते, बाकी कुणाची मोटर काढून नेता येत नाही.

कोड्याचं उत्तर याच आमसभेत आहे. तो पिटुकला देश ग्रेनेडा, कॅरिबियन समुद्रातलं बेट. तेव्हाची वस्ती लाखाच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या सोलापूर शहराच्या जेमतेम दहावा हिस्सा. बलाढ्य देश अमेरिका, तारीख २५ ऑक्टोबर १९८३. आमसभेत १०८ मतं ठरावाच्या बाजूने पडली, ९ विरोधात. अध्यक्ष रेगन म्हणाले की त्याने माझ्या न्याहारीत काही बिघडलं नाही.

उत्तर सांगितल्यावर काका खुर्चीत सैलावले. "सांगत नव्हतो?" ते म्हणाले. त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. नाव कळेपर्यंत थांबले होते.

एकाच आठवड्यात दोन शहरं

दुटप्पीपणा शिकायचा असेल तर १९५६ च्या शरद ऋतूसारखा वर्ग नाही. इजिप्तच्या नासर यांनी जुलैमध्ये सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. कालव्यात ब्रिटन-फ्रान्सचे पैसे आणि अहंकार दोन्ही गुंतले होते. २९ ऑक्टोबरला इस्रायलने इजिप्तवर हल्ला केला, आणि आम्ही भांडण सोडवायला आलो असं म्हणत ब्रिटन आणि फ्रान्सही उतरले. भांडणाची आखणी तिघांनी आधीच गुपचूप मिळून केली होती, हे मागाहून उघड झालं.

त्याच दिवसांत हंगेरीची जनता सोव्हिएत पकडीतून सुटू पाहत होती. पंतप्रधान इम्रे नॉज यांनी जाहीर केलं की आम्ही सोव्हिएत लष्करी करारातून बाहेर पडतोय. ४ नोव्हेंबरच्या पहाटे सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. नॉज यांना पुढे १९५८ साली फाशी झाली.

आता कोण काय म्हणालं ते बघा. ब्रिटन आणि फ्रान्स बुडापेस्टबद्दल कळवळत होते, आणि त्यांचीच विमानं इजिप्तवर बॉम्ब टाकत होती. सोव्हिएत संघ इजिप्तच्या स्वातंत्र्यासाठी लंडन-पॅरिसला क्षेपणास्त्रांच्या गर्भित धमक्या देत होता, आणि त्याचेच रणगाडे बुडापेस्टच्या रस्त्यांवर होते. परिषदेत सुएझवर ब्रिटन-फ्रान्सने व्हेटो टाकला, हंगेरीवर सोव्हिएत संघाने. एकाच टेबलावर, काही दिवसांच्या अंतराने.

एका देशाने मात्र अनपेक्षित केलं. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी आपल्याच दोस्तांना दाबलं. पौंड घसरत असताना मदत अडवून धरली आणि ब्रिटनला माघार घ्यावी लागली. ते काही निव्वळ तत्त्वासाठी नव्हतं. अरब देश सोव्हिएत संघाकडे ढकलले जातील ही भीती होती. तरीपण बाब्याचा कान धरल्याची अशी उदाहरणं फार थोडी. याच अमेरिकेने १९५३ साली इराणमध्ये आणि १९५४ साली ग्वाटेमालात गुप्तहेरांकरवी सरकारं उलथवली होती, म्हणून फार हुरळून जायला नको.

आणि आपण? नेहरूंनी सुएझच्या हल्ल्याचा निषेध झटक्यात केला. हंगेरीवर शब्द जपून, उशिरा आले. आमसभेत सोव्हिएत सैन्य मागे घ्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका घ्या असा ठराव आला, तेव्हा आपले प्रतिनिधी कृष्ण मेनन यांनी भारताचं मत विरोधात टाकलं. परक्यांच्या देखरेखीखाली मतदान ही गोष्ट एकदा मान्य केली तर उद्या काश्मीरचं काय, ही धास्ती त्यामागे होती असं अभ्यासक सांगतात. कारण समजण्यासारखं आहे. पण जयप्रकाश नारायण यांनी तेव्हाच नेहरूंवर जाहीर टीका केली होती. म्हणजे हा प्रश्न पाश्चात्त्यांनी आपल्यावर लादलेला नाही, आपल्याच माणसाने विचारलेला आहे.

"आम्हाला बोलावलं होतं"

हे कारण जितकं सोपं तितकं निसरडं. लग्नाला आलेला पाहुणा पत्रिका दाखवतो. पण पत्रिका त्याने मांडवात शिरल्यावर स्वतःच छापून घेतली असेल तर?

१९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात गेलं. म्हणाले, अफगाण सरकारने बोलावलं. त्या सरकारचे प्रमुख हफिजुल्ला अमीन यांना सोव्हिएत सैनिकांनीच २७ डिसेंबरला राजवाड्यात मारलं आणि बाब्राक करमाल यांना बाहेरून आणून बसवलं. यजमानाला ठार करून त्याचं आमंत्रण दाखवण्याचा हा प्रकार. हंगेरीतही सैन्य बोलावणारं सरकार त्याच सकाळी उभं राहिलं ज्या सकाळी सैन्य आलं. ग्रेनेडात गव्हर्नर जनरलच्या पत्राचा आधार दाखवला गेला. ते पत्र नक्की कधी लिहिलं यावर तेव्हापासून वाद आहे.

उलट बाजूची उदाहरणंही आहेत. १९८८ साली मालदीवच्या अध्यक्षांनी भाडोत्री बंडखोरांविरुद्ध मदत मागितली, भारतीय सैन्य गेलं, काम करून परतलं. आमंत्रण खरं, यजमान जिवंत, पाहुणा मुक्कामाला नाही.

त्यामुळे आमंत्रणाबाबत मी दोनच गोष्टी बघतो: पत्रिकेवरची तारीख, आणि सही करणारा सैन्य येण्याआधीही खुर्चीवर होता का.

पण कधीकधी जावंच लागतं की

हा आक्षेप हलका नाही. शेजारच्या घरात माणूस बायकोला जाळतोय आणि तुम्ही म्हणणार, दुसऱ्याच्या घरात शिरायचं नाही असा नियम आहे?

१९७१ घ्या. पूर्व पाकिस्तानात लष्कराने मार्चपासून कत्तल मांडली. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. ३ डिसेंबरला पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ला केला आणि उघड युद्ध सुरू झालं. ७ डिसेंबरला आमसभेत ठराव आला की दोघांनी लढाई थांबवावी आणि आपापल्या हद्दीत परत जावं. बाजूने १०४, विरोधात ११. आपण विरोधातल्या अकरांत होतो. सुरक्षा परिषदेत आपल्याला सोव्हिएत व्हेटोने वाचवलं. हो, ज्या व्हेटोला मी वर शिव्या घातल्या त्यानेच.

१९७८ च्या डिसेंबरअखेर व्हिएतनामने कंबोडियात सैन्य घातलं आणि पोल पॉटची राजवट उलथवली, जिच्या काळात लाखो माणसं मेली होती. जगाने पाठ थोपटली का? चीनने १९७९ च्या फेब्रुवारीत 'धडा शिकवायला' व्हिएतनामवरच हल्ला केला. संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची खुर्ची पुढची काही वर्षं पोल पॉटच्याच लोकांकडे राहिली, अमेरिका आणि ब्रिटनसारख्या देशांच्या मतांनी. व्हिएतनाम सोव्हिएत संघाचा मित्र, एवढं कारण पुरलं.

इथे थोडं थांबून आपल्या गावच्या एका माणसाबद्दल बोलायला हवं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, जन्म १९१०. १९३८ साली, जपानने चीनवर आक्रमण केलेलं असताना, भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. त्यांच्या घराजवळून जाताना मला नेहमी वाटतं की ज्या चीनच्या जखमा त्यांनी बांधल्या तो चीन तेव्हा मार खाणारा होता. चाळीस वर्षांत तोच दुसऱ्याला धडा शिकवायला निघाला. मार खाल्ला म्हणून हातात कायमचं खरं माप येत नाही.

आता कोसोवो, सर्बियाचा तेव्हाचा एक प्रांत, १९९९. सर्बियन फौजांचे अत्याचार थांबवायला नाटोने ७८ दिवस बॉम्बफेक केली, परिषदेची परवानगी न घेता. नंतर एका स्वतंत्र आयोगाने निष्कर्ष काढला: बेकायदेशीर, पण समर्थनीय. असं वाक्य कायद्याच्या पुस्तकात एकदा शिरलं की ते सगळ्यांसाठी उघडं होतं. २०१४ साली युक्रेनचा क्रिमिया घेताना रशियाने कोसोवोचाच दाखला दिला.

मग २००५ साली देशांनी एक तोडगा मान्य केला: 'रक्षणाची जबाबदारी'. सरकारच आपल्या लोकांना कापत असेल तर जगाने परिषदेच्या परवानगीने मध्ये पडावं. २०११ साली लिबियात तो वापरला. परवानगी होती नागरिकांना वाचवण्याची; बॉम्बफेक चालू राहिली तिथला हुकूमशहा गद्दाफी पडेपर्यंत. परवानगीच्या मतदानात भारत, चीन, रशिया, ब्राझील आणि जर्मनी तटस्थ होते. त्यानंतर सीरियावरच्या ठरावांवर रशिया आणि चीनने व्हेटो टाकायला सुरुवात केली आणि लिबियाकडे बोट दाखवलं. त्यांचा स्वार्थ होताच. पण बोट दाखवायला जागा दुसऱ्यांनी करून दिली होती, आणि भोगलं सीरियातल्या माणसांनी.

म्हणून 'जावंच लागतं का' याचं उत्तर कधीकधी हो असं आहे. जाणाऱ्याने मात्र बाळंतीण दाखवली पाहिजे, आणि बाळंतिणीपुरतंच पाणी घेतलं पाहिजे.

"मग त्याचं काय?"

काकांचं लाडकं हत्यार. युक्रेन म्हटलं की इराक.

इराक आहेच तसं. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत छोटीशी कुपी हातात धरून इराकचा हुकूमशहा सद्दामच्या जैविक अस्त्रांचं भय दाखवलं. मार्चमध्ये हल्ला झाला. महासंहारक अस्त्रांचे साठे सापडले नाहीत. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी २००४ साली ते युद्ध बेकायदेशीर म्हटलं. त्यासाठी कुठल्याही मोठ्या माणसाला कोर्टात उभं राहावं लागलं नाही. उलट आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०२३ साली पुतिन यांच्यावर वॉरंट काढलं तेव्हा अध्यक्ष बायडन यांनी ते योग्य ठरवलं. त्याच न्यायालयाने २०२४ साली इस्रायलच्या नेतान्याहूंवर काढलं तेव्हा संतापजनक म्हटलं. अमेरिका स्वतः त्या न्यायालयाची सदस्य नाही. युरोपकडे निर्वासितांच्या लोंढ्यासाठी २००१ पासून एक नियम तयार होता. तो सीरियन लोकांसाठी कधी निघाला नाही, युक्रेनियन लोकांसाठी आठवड्याभरात निघाला.

ही यादी खरी आहे आणि काकांचा राग रास्त आहे. पण तिने काय सिद्ध होतं? अमेरिकेचं माप खोटं, एवढं. युक्रेनच्या खारकीव्हमध्ये ज्या बाईच्या घरावर क्षेपणास्त्र पडलं तिला बगदादच्या बाईचं उदाहरण देऊन काय मिळणार? समोरच्याने मोटर लावली होती म्हणून मी लावली, तर मधल्या घराचा नळ कोरडाच राहतो. मधल्या घराने तर मोटर लावलेलीच नव्हती.

वाण्याच्या मापात पाप असेल तर भांडण वाण्याशी असतं, किलोशी नाही. 'सगळेच चोर, म्हणून नियम गुंडाळा' हे सगळ्यांत जास्त कुणाला आवडेल? ज्याच्याकडे सगळ्यांत मोठी मोटर आहे त्याला. लहान देशांकडे या नियमाशिवाय दुसरं काय आहे?

अण्णांचं हत्यार वेगळं: "लोकशाही देशाची चूक आणि हुकूमशहाचा गुन्हा सारखा कसा?" यात थोडं तथ्य आहे. इराकच्या खोट्या माहितीचे वाभाडे अमेरिकेच्याच वृत्तपत्रांनी आणि चौकशी समित्यांनी काढले. मॉस्कोत ते होणार नाही. पण तो फरक गुन्ह्यानंतरचा. मेलेल्या माणसाला बॉम्ब टाकणाऱ्याच्या मतपेटीशी देणंघेणं नसतं.

भारत हात का वर करत नाही?

थोडक्यात सांगतो, कारण हा स्वतंत्र लेखाचा विषय. २ मार्च २०२२ च्या आमसभेत रशियाविरुद्ध १४१ देशांनी मत दिलं, ५ विरोधात गेले, ३५ तटस्थ राहिले, त्यांत भारत. १९८० साली अफगाणिस्तानच्या ठरावावरही आपण तटस्थच होतो. शस्त्रं, सुटे भाग, तेल, चीनची धास्ती, ही कारणं उघड आहेत. परराष्ट्रमंत्री जयशंकर युरोपला सुनावतात की तुमचे प्रश्न ते जगाचे आणि जगाचे प्रश्न ते तुमचे नाहीत, हे चालणार नाही. टाळ्या पडतात, आणि बोचतंही योग्य जागी. फक्त तटस्थ राहणं हा व्यवहार आहे, त्याला तत्त्वाचा शालू नेसवू नये एवढंच माझं म्हणणं.

शब्दांची कसरत आपल्यालाही येते. इराकवरच्या हल्ल्याबद्दल आपल्या संसदेने २००३ च्या एप्रिलमध्ये ठराव केला. हिंदीत 'निंदा' होती. इंग्रजीत तिचं सौम्य 'डिप्लोअर' झालं, कडक 'कंडेम' नाही. घरच्यांना एक शब्द, पाहुण्यांना दुसरा.

लेबल झाकून कापड

अण्णांच्या धंद्यातली एक गोष्ट. सोलापुरी चादर म्हणून बाजारात काय वाट्टेल ते विकलं जातं. जाणकार माणूस लेबल बघत नाही. तो लेबलावर अंगठा ठेवतो आणि दुसऱ्या हाताने पोत, वजन, काठ बघतो. हस्तक्षेपालाही तसंच बघता येतं. हल्ला आधी कुणी केला किंवा परवानगी कुणी दिली? बोलावणारा खरा होता का? सांगितलेलं कारण नंतर खरं निघालं का? आणि गेल्यावर काय केलं, परत कधी आले? नाव शेवटी वाचायचं.

परवा मी टपरीवर दुसरं कोडं घातलं. एक मोठा देश. त्याच्या पोटात दीड कोटीहून जास्त वस्तीचं एक राज्य, जे स्वतःला स्वतंत्र म्हणवत होतं. दहाएक महिन्यांपूर्वी दोघांत 'जैसे थे' करार झालेला. राज्यात सशस्त्र टोळ्यांनी उच्छाद मांडलेला. मोठ्या देशाने चहूबाजूंनी रणगाडे घातले, पाच दिवसांत राज्य संपलं. त्या राज्याची तक्रार सुरक्षा परिषदेत पोचलेली, मोठा देश म्हणाला ही अंतर्गत बाब. रणगाड्यांच्या मोहिमेला नाव दिलं 'पोलीस कारवाई'.

"रशिया," अण्णा म्हणाले. "विशेष लष्करी कारवाई म्हणत होते ना, तसलंच."

"चीन असणार," काका. "अंतर्गत बाब त्यांची."

"मुख्य फौज सोलापुरातून निघाली होती," मी म्हणालो. "नळदुर्गच्या रस्त्याने. १३ सप्टेंबर १९४८."

दोघं गप्प. निजामाचं हैदराबाद संस्थान. माझी आजी तिकडचीच, तुळजापूरकडची. रझाकारांच्या भीतीने रातोरात बैलगाडीतून सोलापुरात आलेली. तिच्यासाठी ती कारवाई म्हणजे सुटका होती, आणि मलाही ती आवश्यक वाटते. चारही बाजूंनी भारताने वेढलेलं राज्य, बहुसंख्य प्रजेला नको असलेली राजवट, रझाकारांचा अत्याचार, ही उत्तरं भक्कम आहेत. पण 'गेल्यावर काय केलं' हा प्रश्नही विचारायचा ठरला होता. त्या कारवाईनंतर मराठवाड्यात आणि आसपास मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला, हजारो माणसं मारली गेली. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या समितीला चौकशीला पाठवलं आणि तिचा अहवाल कित्येक दशकं जनतेसमोर आला नाही. आजीच्या गोष्टीत हा भाग कधी नव्हता. तिने लपवला असं नाही. तिच्या बैलगाडीतून तो दिसला नसेल.

"आपलं वेगळं होतं," काका शेवटी म्हणाले.

"होतं की," अण्णा म्हणाले. "पण कसं वेगळं ते सांगा ना कॉम्रेड, चारही प्रश्न घेऊन. चौथा सोडून नाही."

काकांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली. काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात गल्लीतून हाक आली, पाणी आलं, पाणी आलं. टपरी दोन मिनिटांत रिकामी झाली. मी चहाचे पैसे देऊन घराकडे वळलो तेव्हा चार-पाच ठिकाणी मोटरी घरघरत होत्या. एक काकांची होती, एक अण्णांची. एक आमचीही होती.